दुप्पट राळ देणारं पाइन: निवड कशी करतात आणि बी कसं धरतात

पाइनच्या लागवडीत एकाच वयाची, जवळपास एकाच जाडीची दोन झाडं शेजारी शेजारी उभी असतात. दोघांच्या खोडावर सारखीच खाच आणि खाली सारखंच भांडं. हंगाम संपला की हिशेब लागतो: एकाची राळ तीन किलो, दुसऱ्याची सहा. राळ गोळा करणाऱ्या माणसांना यात नवल वाटत नाही, कारण कोणतं झाड भांडं लवकर भरतं हे त्यांना पाठच असतं. प्रश्न पुढचा आहे. सहा किलोवाल्या झाडाचं बी लावलं, तर त्याची पोरं सहा किलो देतील का?

देणार नाहीत. पण बहुधा तीनवरही अडणार नाहीत, मधे कुठेतरी थांबतील. हे ‘मधे कुठेतरी’ म्हणजे नेमकं कुठे, आणि ते वर कसं सरकवायचं, यावर पाइनच्या राळ-सुधारणेचं सगळं काम उभं आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मजुरीसाठी. खोडावर नवी खाच घ्यायला, त्यावर लेप लावायला, भांडं रिकामं करायला जेवढा वेळ लागतो, तो झाड कमी देणारं असो की जास्त, साधारण सारखाच. फेरीही तेवढीच, पायपीटही तेवढीच. म्हणजे झाडामागे उत्पादन दुप्पट झालं, की राळेच्या किलोमागे मजुरी जवळपास निम्मी होते. खत घालून किंवा लेपात बदल करूनही राळ वाढते, पण तो खर्च दरवर्षी नव्यानं करावा लागतो. चांगलं बी एकदाच लावायचं असतं.

आता झाड राळ बनवतं कशी ते पाहू, कारण निवड नक्की कशाची करायची हे त्यावरून कळतं.

पाइनच्या लाकडात बारीक नळ्या असतात. काही खोडाबरोबर उभ्या जातात, काही गाभ्याकडून सालीकडे आडव्या, आणि दोन्ही एकमेकींना मिळून जाळं होतं. नळीच्या आतल्या बाजूला जिवंत पेशींचं अस्तर असतं. राळ याच पेशी बनवतात आणि नळीत सोडतात. नळी बंद असेपर्यंत आत दाब असतो. सालीतून पोखरत भुंगेरा आला किंवा जखमेतून बुरशी शिरली, की नळी फुटते आणि चिकट राळ बाहेर येऊन किड्याला बुडवते, जखम बुजवते. राळ हे झाडाचं संरक्षण आहे. आपण खाच घेतो तेव्हा झाडाला हल्ला झाल्याचं भासवत असतो.

बाहेर आलेल्या राळेत दोन भाग असतात. एक उडून जाणारा, ज्यापासून टर्पेंटाइन मिळतं. दुसरा मागे राहणारा घट्ट भाग म्हणजे रोझिन, जो कागद, शाई, चिकटद्रव्यं, रंग अशा अनेक उद्योगांत जातो. खाचेवर टर्पेंटाइन उडत जातं, रोझिनचे खडे धरतात, नळ्यांची तोंडं बंद होतात आणि वाहणं थांबतं. म्हणून ठरावीक दिवसांनी वर नवी खाच घ्यावी लागते. सौम्य गंधकाम्ल लावलं तर तोंडं जास्त दिवस उघडी राहतात. इथेफॉन लावलं तर त्यातून इथिलीन वायू सुटतो आणि झाडाला जखमेचा संकेत अधिक जोरात मिळतो. मग झाड आहे त्या नळ्यांतली राळ सोडतंच, शिवाय जखमेजवळ नव्या नळ्याही तयार करतं.

एखाद्या झाडाची राळ जास्त असण्यामागे अशी अनेक कारणं असू शकतात. नळ्या संख्येनं जास्त, नळ्या रुंद, आतला दाब जास्त, राळ पातळ, पेशींचा राळ बनवण्याचा वेग जास्त, किंवा जखमेला मिळणारा प्रतिसाद तडफदार. यातली नळीच्या रुंदीची गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते. बारीक नळीतून चिकट द्रव किती वाहेल हे सांगणारा भौतिकशास्त्रातला प्वाझईचा नियम आहे. त्यानुसार प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो आणि द्रव जितका घट्ट तितका प्रवाह कमी. १९५४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हा नियम स्लॅश पाइन या तिथल्या जातीच्या जखमांवर लावून पाहिला. नुसती आकडेमोड करा: त्रिज्या २० टक्क्यांनी वाढली तर १.२ गुणिले स्वतःशी चार वेळा, म्हणजे २.०७. नळी डोळ्याला कळणारही नाही इतकी रुंद झाली आणि वाहणं दुप्पट! झाडाझाडांत एवढा फरक कसा पडतो याचं थोडंफार उत्तर इथे आहे. थोडंफारच, कारण वाहून गेलेली राळ पुन्हा बनवायला पेशी कमी पडल्या तर रुंद नळी पहिल्या दिवशी झोकात वाहील आणि पुढे कोरडी पडेल.

आता निवडीकडे. रानात जाऊन सगळ्यात भरलेली भांडी हेरली, त्या झाडांवर रंगाचा पट्टा मारला, झालं काम, असं वाटू शकतं. पण भरलेलं भांडं अनेक गोष्टींचा एकत्रित परिणाम असतं. जाड खोड जास्त राळ देतं. मोठा, हिरवागार माथा असलेलं झाड जास्त देतं, कारण राळेचा कच्चा माल पानांतून येतो. वाटेच्या कडेचं किंवा मोकळ्यावरचं झाड सूर्यप्रकाश आणि जागा जास्त मिळाल्यामुळे दोन्हींत पुढे असतं. खाच थोडी रुंद पडली, माणूस बदलला, भांड्यात पावसाचं पाणी साचलं आणि तसंच वजन केलं, तरी आकडा फुगतो. यातलं बरंचसं बियातून पुढे जात नाही.

म्हणून उमेदवार झाडाची तुलना सगळ्या रानाशी न करता आसपासच्या, त्याच वयाच्या आणि जवळपास त्याच जाडीच्या झाडांशी करतात. मोकळ्यावरची, कडेची झाडं आधीच बाद. खाचेची रुंदी, खोली, जमिनीपासूनची उंची आणि दोन खाचांमधले दिवस सगळ्यांना सारखे ठेवतात. खाच सगळ्या झाडांना एकाच दिवशी, दिवसाच्या एकाच वेळेला घेतात, कारण नळ्यांतला दाब पहाटे जास्त असतो आणि दुपारी पानांतून पाणी उडायला लागलं की उतरतो. भांड्यातलं पाणी, पानं, सालीचे तुकडे काढून मगच वजन. शक्यतो एका हंगामावर न थांबता दुसऱ्या हंगामातही तेच झाड पुढे आहे का ते बघतात. एवढ्या चाळण्यांतून उरलेल्या झाडाला वनखात्याच्या भाषेत ‘प्लस ट्री’ म्हणतात. शेकडो झाडं तपासावीत तेव्हा अशी मोजकीच हाती लागतात.

चाळण्या कितीही बारीक केल्या तरी परिस्थितीचा वाटा पूर्ण जात नाही. उरलेल्या फरकातला किती भाग वारशानं पुढे जाईल, त्याला हेरिटॅबिलिटी म्हणतात. आपण त्याला वारशाचा वाटा म्हणू. हा शून्य ते एकच्या मधला आकडा असतो. शून्य म्हणजे सगळा फरक माती-पाण्याचा, एक म्हणजे सगळा फरक वारशाचा. झाडांची उंची, जाडी यांच्या बाबतीत हा आकडा बऱ्याचदा कमी निघतो. राळेच्या बाबतीत निसर्ग जरा उदार आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ओलस्टी इथे १९४१ च्या सुमारास वनसेवेच्या शास्त्रज्ञांनी स्लॅश पाइनवर हे काम हाती घेतलं. शेजारच्या झाडांच्या किमान दुप्पट राळ देणारी झाडं त्यांनी शोधून काढली, त्यांचे आपसात संकर केले, संतती वाढवून तिचीही राळ मोजली. पुढच्या दोन दशकांत हाती आलेला वारशाचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. निवडीनं सुधारणा करू पाहणाऱ्याला यापेक्षा चांगली बातमी क्वचित मिळते.

आता आपला सुरुवातीचा हिशेब पुरा करू. रानाची सरासरी तीन किलो धरली, निवडलेली झाडं सहाची, म्हणजे सरासरीपेक्षा तीननं पुढे. वारशाचा वाटा अर्धा. आई आणि बाप दोघंही निवडलेले असतील तर संततीची सरासरी तीन अधिक दीड, म्हणजे साडेचार किलो. आई निवडलेली आणि परागकण रानातल्या कुठल्याही झाडाचे असतील तर फायदा निम्मा होतो आणि संतती पावणेचारवर थांबते. प्लस ट्रीखाली पडलेले शंकू गोळा करून रोपं केली की आपल्याला हे दुसरं उत्तर मिळतं. मेहनत मोठ्या झाडाची, फळ अर्धं.

पण साडेचार हीसुद्धा सरासरीच. निवडलेल्या प्रत्येक झाडाची संतती वेगळी निघते. दोन झाडांनी सारखीच सहा किलो राळ दिली तरी एकाचं कारण रक्तातलं असू शकतं आणि दुसऱ्याचं मुळाखालच्या ओलाव्याचं. बाहेरून पाहून ते कळत नाही. दुधाच्या बाबतीत वळू निवडताना हीच अडचण येते: वळू स्वतः दूध देत नाही, म्हणून त्याच्या मुलींचं दूध मोजून त्याची किंमत ठरवतात. पाइनमध्ये तेच करतात. प्रत्येक प्लस ट्रीची संतती वेगवेगळ्या ठिकाणी, पुन्हा पुन्हा, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी लावतात. चिठ्ठ्या यासाठी, की एकाच्या वाट्याला सगळी सुपीक जमीन जाऊ नये. मग संततीची राळ मोजून कोणता पालक खरा आणि कोणता नशीबवान ते ठरवतात. प्लस ट्रीच्या यादीतली बरीच नावं या परीक्षेत गळतात.

यात वेळ फार जातो, आणि पाइन-सुधारणेतली खरी डोकेदुखी हीच आहे. पाइनचा मादी शंकू परागकण बसल्यापासून पिकायला जवळपास दोन वर्षं घेतो. रोपाला नेहमीसारखी खाच घेण्याइतकं खोड व्हायला आणखी बरीच वर्षं लागतात. म्हणून ओलस्टीच्या काळातच लहान झाडांवर अगदी छोटी जखम करून थोड्या वेळात वाहिलेली राळ मोजण्याची पद्धत पुढे आली. जगभर ती वेगवेगळ्या रूपांत अजून वापरतात: सालीला ठरावीक व्यासाचं छोटं भोक पाडायचं, खाली नळी लावायची, दुसऱ्या दिवशी वजन करायचं. पद्धत झटपट आहे, पण तिची एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. चोवीस तासांत वाहते ती नळ्यांत आधीपासून साठलेली राळ. हंगामभराच्या उत्पादनात झाडानं जखमेनंतर नव्यानं बनवलेली राळही येते. पहिली जास्त असणारं झाड दुसऱ्यातही पुढे असेलच असं नाही. त्यामुळे छोट्या जखमेची चाचणी वाईट झाडं लवकर बाद करायला उत्तम. अंतिम निवाडा मात्र पूर्ण हंगामाच्या वजनावरच करावा असं माझं मत.

परीक्षेत उतरलेल्या झाडांपासून भरपूर बी मिळवायचं तर बीजोद्यान करावं लागतं. निवडलेल्या झाडाच्या शेंड्याकडच्या काड्या आणून साध्या रोपांवर कलम करतात. कलमाची काडी मूळच्या प्रौढ झाडाची असल्यानं ते लहान असतानाच शंकू धरायला लागतं. असे निदान वीस-तीस वेगवेगळे, एकमेकांशी नातं नसलेले पालक मिसळून लावतात. एकाच झाडाची कलमं शेजारी शेजारी येऊ देत नाहीत, कारण पाइनला स्वतःच्याच परागकणांचं वावडं असतं: स्वपरागणातून बरंच बी पोचट निघतं आणि जे रुजतं त्याची वाढ खुरटते. संततीच्या परीक्षेचे निकाल येतील तसे कमी पडलेले पालक उद्यानातून तोडून टाकतात.

परागकणांवर मात्र कुणाचा ताबा नाही. पाइनचे परागकण वाऱ्यावर मैलोन्‌मैल जातात. बीजोद्यानाभोवती साध्या पाइनचं रान असेल तर ४० टक्के परागकण बाहेरचे येणं ही काही अनोखी गोष्ट नाही. आपल्या हिशेबात साडेचारच्या जागी मग ४.२ किलो मिळतात. उपाय दोन: उद्यान पाइनपासून दूर करा, किंवा मादी शंकूंवर पिशव्या बांधून हवे तेच परागकण आत फुंका. दुसरा उपाय अचूक आहे, पण फांद्याफांद्यांवर चढून करायचा असतो. मोठ्या प्रमाणावर तो परवडेल का हे ज्याचं त्यानं ठरवावं.

बी टाळून थेट त्याच झाडाच्या प्रती का करू नयेत? निलगिरीत हे सर्रास होतं. पाइनमध्ये झाड म्हातारं होत गेलं की त्याच्या काड्यांना मुळं फुटणं अवघड होतं, आणि झाड उत्तम राळ देतं हे सिद्ध होईपर्यंत ते म्हातारं झालेलं असतं. यातून काढलेली वाट अशी: कोवळ्या बियांतल्या भ्रूणापासून प्रयोगशाळेत ऊती वाढवायची, तिचा अर्धा भाग द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवायचा आणि अर्ध्यापासून रोपं करून शेतात लावायची. काही वर्षांनंतर जे रोप अव्वल ठरेल त्याची गोठवलेली, अजून तरुण असलेली ऊती बाहेर काढून हजारो रोपं करायची. हे महाग पडतं, आणि प्रत्येक ऊती या वागणुकीला तयारही होत नाही.

राळ किती मिळते याइतकंच ती कशी आहे हेही बाजारात महत्त्वाचं. आणि इथे वारशाचे नियम अचानक सोपे होतात. उत्पादनावर असंख्य जनुकांचा थोडा थोडा प्रभाव असतो. टर्पेंटाइनमधल्या काही घटकांवर मात्र एखाद-दुसऱ्या जनुकाची सत्ता चालते. स्लॅश पाइनमध्ये बीटा-पायनीन जास्त की कमी, हे मुख्यतः एका जनुकावर ठरतं असं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसून आलं. सुगंधी द्रव्यांच्या आणि कृत्रिम रेझिनच्या उद्योगात बीटा-पायनीनला अल्फा-पायनीन या दुसऱ्या घटकापेक्षा जास्त मागणी असते. बीटा-पायनीनचं प्रमाण माती-हवेनं फारसं हलत नाही, त्यामुळे थोडी राळ घेऊन यंत्रावर तपासली की झाडाचा कल कळतो. वर्षानुवर्षं भांडी तोलत बसावं लागत नाही.

नेहमी विचारली जाणारी एक शंका: राळ जास्त बनवणारं झाड लाकडात मागे पडणार नाही का? राळ बनवायला कार्बन लागतो, त्यामुळे ही भीती रास्त आहे. पण पाइनच्या संततीवर झालेल्या अनेक मोजमापांत राळ आणि वाढ यांचं वारशातलं नातं उलटं निघालेलं नाही. लोब्लॉली पाइन या दुसऱ्या अमेरिकन जातीत तर ते सुलट, म्हणजे जोमानं वाढणाऱ्या कुळांत राळही बरी, असं आढळलं. तरी फक्त राळेकडे पाहून निवड करणं अंगाशी येऊ शकतं. स्लॅश पाइनला खोडावर गाठी आणणारा तांबेरा होतो. राळ उदंड पण तांबेऱ्याला बळी पडणारं झाड कामाचं नाही. हिमालयातल्या चीड पाइनमध्ये काही झाडांचं लाकूड दोरीसारखं पिळलेलं असतं, आणि या पिळाचाही काही भाग वारशानं जातो. अशा झाडाची राळ कितीही असली तरी त्याचं बी धरणं म्हणजे पुढच्या पिढीचं लाकूड बिघडवणं. म्हणून राळ, वाढ, रोग, खोडाचा सरळपणा यांना गुण देऊन एकत्रित बेरजेवर निवड करतात. कशाला किती गुण द्यायचे, यावर मात्र राळवाले आणि लाकूडवाले यांचं कधी एकमत होत नाही.

ओलस्टीच्या कामाची कथा इथे थोडी विचित्र वळण घेते. सुधारित बी तयार होत होतं तोवर अमेरिकेत झाडावरून राळ काढण्याचा धंदाच ओसरला. मजुरी महागली आणि कागद गिरण्यांत लगदा करताना सुटणाऱ्या द्रवातून रोझिन आणि टर्पेंटाइन स्वस्तात मिळू लागलं. आज खोडावरची राळ मुख्यतः चीन, ब्राझील, इंडोनेशियात काढली जाते. ब्राझीलच्या दक्षिणेत तर स्लॅश पाइनच्याच मोठ्या लागवडी आहेत आणि जास्त राळेच्या झाडांची निवड तिथे जोरात चालते.

अलीकडे जनुकांवरून निवड करण्याची भाषा खूप ऐकू येते. लोब्लॉली पाइनचा जनुकसंच २०१४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तो डीएनएच्या सुमारे २२ अब्ज अक्षरांचा, माणसाच्या सातपट मोठा निघाला. कल्पना अशी की आधी काही हजार झाडांची राळही मोजायची आणि डीएनएवरच्या हजारो खुणाही. त्यांचा मेळ घालून सूत्र बसवायचं आणि पुढे रोपवाटिकेतल्या रोपाच्या सुईएवढ्या पानावरून त्याची राळ अंदाजायची. यातून पिढीमागे बरीच वर्षं वाचतील हे खरं. पण सूत्राची सगळी भिस्त आधीच्या मोजमापावर असते. भांड्यातलं पाणी न काढता तोललेली राळ संगणकात घातली, तर संगणक इमानेइतबारे पाण्याची निवड करून देईल.

ज्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही, बीजोद्यानाला जागा नाही आणि वीस वर्षं थांबण्याची सोयही नाही, त्यांच्यासाठी एक स्वस्त वाट आहे. राळ निघत असलेल्या उभ्या लागवडीत दोन हंगाम झाडागणिक वजन नोंदवायचं. जाडीचा हिशेब वजा करून जी मागे पडतील, वाकडी किंवा रोगट असतील ती विरळणीत आधी काढायची. उरलेली सरस झाडं मोकळी झाली की शंकू जास्त धरतात, आणि आता परागकणही बहुतेक त्यांच्यातलेच असतात. इथे निवड प्लस ट्रीइतकी कडक नसते, म्हणून फायदाही कमी मिळतो. पण विरळणी तशीही करायचीच असते, आणि दोन-तीन वर्षांत शंकू पिकले की ते बी रोपवाटिकेत पडतं. फक्त तोड करणाऱ्याच्या हातात राळेच्या नोंदीची वही द्यायला हवी, कारण सवयीनं तो सगळ्यात जाड झाड आधी पाडतो.